गिरणीचे धन आणि संशोधकाचे श्रम

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा विषय अलीकडे विद्यापीठांतून शिकविला जाऊ लागला आहे. त्यावर प्रबंध लिहिले जातात, पदव्या मिळतात, आणि एखाद्या विद्वानाचे सारे आयुष्य या एका विषयाच्या अध्यापनात जाऊ शकते. त्याच्या शेजारीच स्वयंसेवेचा अभ्यास हे दुसरे शास्त्र उभे राहिले आहे. मनुष्य मोबदल्यावाचून दुसऱ्यासाठी का राबतो, किती काळ राबतो, आणि त्या राबण्याचे मोल मांडावयाचे कसे, हे त्याचे प्रश्न होत. २०१३ च्या कंपनी कायद्याने आपल्या देशात या साऱ्यास सरकारी मान मिळवून दिला. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असे त्या कायद्याचे १३५ वे कलम सांगते. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले.

पुष्कळांची समजूत अशी आहे की, हा विचार अमेरिकेतून आला. पुस्तकी इतिहास त्यांच्या बाजूचा आहे. हॉवर्ड बोवेन या अर्थशास्त्रज्ञाने १९५३ साली व्यापाऱ्यांच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवर ग्रंथ लिहिला, आणि अभ्यासक बहुधा तेथूनच या शास्त्राचा आरंभ धरतात. परंतु बोवेनचा ग्रंथ निघाला त्या वर्षी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरास ३७ वर्षे होऊन गेली होती आणि धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेस ६०. शास्त्राचे नाव तेवढे नवे आहे. धनिकाने विद्येसाठी पैसा द्यावा आणि निर्धन विद्वानाने पैशावाचून विद्या करावी, या दोन्ही गोष्टी एकाच काळात, बैलगाडीच्या एका दिवसाच्या मजलीवर घडलेल्या पाहावयाच्या असतील, तर खानदेशाइतके सोयीचे क्षेत्र मला तरी दुसरे दिसत नाही.

ही संपत्ती आली कापसातून. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन कापूस पिकवीत होती ती पूर्वीपासूनच. पण १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडी जळगाव-भुसावळपर्यंत पोचली. १८७४ च्या सुमारास जळगावास कापडाची गिरणी निघाली. पुढे अमळनेर, धुळे, चाळीसगाव येथेही धुराडी उभी राहिली. १९०६ साली सरकारने जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, तथापि कापसाच्या गाड्यांनी ती सीमा कधी मानली नाही.

अमळनेरचे गिरणीमालक मोतीलाल माणेकचंद यांना लोक प्रतापशेट म्हणत, आणि इतिहासातही तेच नाव राहिले. गिरणीवाल्याने धर्मशाळा बांधावी, शाळेस देणगी द्यावी, यात नवल नाही. प्रतापशेटांनीही शिक्षणासाठी सढळ हाताने पैसा दिला. १९४५ साली निघालेले अमळनेरचे महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पण १९१६ साली त्यांनी जे केले त्यास हिंदुस्थानात फारशी तोड नव्हती. बोरीकाठच्या या लहानशा गावी, जेथे लोकांची तत्त्वज्ञानाशी ओळख सखाराम महाराजांच्या वैशाखातील यात्रेपुरती आणि कीर्तनापुरती, तेथे त्यांनी तत्त्वज्ञानाच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र संस्था काढली. परीक्षा नाही, वर्ग नाहीत, नोकरीची हमी नाही. विद्वानांनी तेथे राहावे, वाचावे, वाद करावा आणि लिहावे. गिरणीस त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

या मंदिरात कोण कोण येऊन गेले ते पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. घनश्यामदास मलकानी यांनी कित्येक दशके संस्थेची धुरा वाहिली. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य, ज्यांची गणना आधुनिक भारताच्या थोर तत्त्वचिंतकांत होते, ते १९३३ ते १९३५ या काळात येथे संचालक होते. विषयी आणि स्वातंत्र्य यांच्या संबंधावरील त्यांचा गाजलेला इंग्रजी ग्रंथ त्यापूर्वीच, १९३० साली, अमळनेरच्या या संस्थेनेच छापला होता. रासविहारी दास आणि पुढे माध्यमिक बौद्ध दर्शनावरील ग्रंथामुळे जगभर नाव झालेले टी. आर. व्ही. मूर्ती हेही येथेच होते. मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून अज्ञान या वेदान्ती कल्पनेवर एक ग्रंथ लिहिला, तो १९३३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. १९२५ च्या सुमारास 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक सुरू झाले. त्या काळी भारतीय तत्त्वज्ञानात नवे काय चालले आहे, हे ज्या परदेशी पंडितास जाणून घ्यावयाचे असे, त्याला अमळनेरचा पत्ता लिहावा लागे!

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. हे सर्व लेखन इंग्रजीत. गिरणीत बारा-बारा तास उभे राहणाऱ्या कामगारास त्यातले काय कळावे? गावातील वकील-मास्तरांनाही ते फारसे कळले असेल असे वाटत नाही. ज्यांच्या घामातून पैसा निघाला त्यांच्या वाट्यास त्या पैशाचे फळ आले नाही. हे मान्य करूनही मी प्रतापशेटांची बाजू घेईन. ज्या विद्येतून आपणास काही मिळावयाचे नाही, जिची आपल्या गावात वाहवा होण्याचाही संभव नाही, अशा विद्येस पैसा देण्यास वेगळे मन लागते. आजच्या कायद्याची सातवी अनुसूची पाहा. विद्यापीठीय संशोधनास देणगी द्यावयाची झाल्यास तीत शास्त्र, तंत्र, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांचा उल्लेख आहे. तत्त्वज्ञान आणि इतिहास यांची नावे तेथे नाहीत. प्रतापशेट आज असते आणि त्यांच्या हिशेबनिसाने विचारले असते, "शेटजी, हे कोणत्या सदरात घालू?" तर त्यांना शिक्षणाच्या सदराचा आडोसा घ्यावा लागला असता. संशोधन म्हणून ते बसले नसते.

१९२३ च्या सुमारास याच मंदिरात पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक पदवीधर तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यास आला. तो तेथे रमला नाही. १९२४ मध्ये त्याने गावातील शाळेत मास्तरकी पत्करली, वसतिगृहाचे काम अंगावर घेतले, आणि अद्वैताचा जो अर्थ मंदिरात इंग्रजीत चर्चिला जात होता तो मुलांच्या खोल्या झाडून, त्यांचे कपडे धुऊन मराठीत समजावून दिला. रोज हाताने लिहून मुलांसाठी तो एक दैनिक काढी. खोल्या झाडण्याचा किंवा त्या दैनिकाचा मोबदला कोण देणार? साने गुरुजींचे हे चरित्र सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की, शेटजींच्या पैशाने त्यांना अमळनेरास आणले, आणि पुढचे काम त्या पैशाच्या कोणत्याही योजनेत नव्हते.

आता धुळ्याकडे वळू.

धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव हे वकील. १८९३ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली. पुढे त्यांचे सारे आयुष्य समर्थ संप्रदायाचे वाङ्मय जमविण्यात गेले. मठामठांतून हिंडावे, मठपतींची मनधरणी करावी, बाडे पाहावीत, देत असतील तर आणावीत, देत नसतील तर तेथेच बसून उतरून घ्यावीत, हा त्यांचा क्रम. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून दासबोधाची प्रत त्यांनी १९०५ मध्ये छापून काढली. घरोघर दासबोध वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना या वकिलाचे नाव ठाऊक असेल. त्यांनी जमविलेल्या हस्तलिखितांसाठी १९३५ मध्ये समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. ज्या वकिलाने आपला व्यवसाय नेटाने केला असता तर धुळ्यात चार वाडे बांधले असते, त्याने बाडांसाठी एक वास्तू बांधविली.

आणि त्याच धुळ्यास विश्वनाथ काशिनाथ राजवाडे येऊन राहिले. राजवाड्यांविषयी बोलताना मनुष्य एकतर स्तोत्र गातो नाहीतर त्यांच्या रागाच्या गोष्टी सांगतो. आपणास आज त्यांचा फक्त व्यवहार पाहावयाचा आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड १८९८ साली निघाला; पुढे एकूण २२ खंड झाले. यामागे कोणते विद्यापीठ होते? कोणतेही नाही. सरकारी अनुदान नव्हते, दरबारचा तनखा नव्हता, कायमची नोकरी नव्हती. शिक्षकी त्यांनी केली ती अगदी थोडी. पत्नी लवकर वारली, दुसरे लग्न केले नाही. गावोगाव पायी हिंडावे, हाताने स्वयंपाक करावा, देशमुख-कुलकर्ण्यांच्या माळ्यांवरची, उंदरांनी कुरतडलेली दप्तरे झाडून वाचावीत, नकला कराव्यात आणि छापण्यासाठी कर्ज काढावे. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढण्यात त्यांचा पुढाकार होता. मग तेथेही मतभेद झाले. सगळे लेखन मराठीत करण्याचा त्यांचा हट्ट होता, त्यामुळे परदेशी कीर्तीचा मार्ग त्यांनी आपल्या हातानेच बंद केला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे राहिलेली दप्तरे धुळेकरांनी वाऱ्यावर सोडली नाहीत. त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारले आणि 'संशोधक' हे नियतकालिक चालविले.

आता अमळनेर आणि धुळे शेजारी शेजारी ठेवून पाहू. प्रतापशेटांनी किती रुपये दिले, हे हिशेबाच्या वह्यांतून काढता येते, कारण पैसा वहीत चढतो. देवांनी किती रात्री जागून किती पाने उतरली, राजवाडे किती कोस चालले, हे कोणत्याही वहीत चढलेले नाही. राजवाड्यांचे नाव तरी राहिले. परंतु अशा संग्रहांत नकला करणारे, बाडे उन्हात घालणारे, कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवणारे, आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊन यादी लिहिणारे जे शाळामास्तर, कारकून आणि पेन्शनर असतात, त्यांची नावे कोठे सापडावयाची? श्रमाच्या देणगीचा हा स्वभावच आहे की, ती पावतीवाचून दिली जाते. आजच्या कायद्यानेही तीच वाट धरली आहे. त्यात मोजला जातो तो खर्च झालेला रुपया. कंपनीचा एखादा अधिकारी रविवारी जाऊन शंभर मुलांना गणित शिकवून आला, तर त्याचे तास रुपयांत मांडून २ टक्क्यांत धरता येत नाहीत.

उतरून घेण्याचे हे काम खानदेशात पुनःपुन्हा दिसते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती उतरून घेतली साने गुरुजींनी, स्वतः कैदी असताना. त्यांचा हात त्या रविवारी थांबला असता, तर देशातील अनेक भाषांत गेलेला तो ग्रंथ आज नसता. दुसरे उदाहरण जळगावचे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या गाणी रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्यामुळे ती कागदावर राहिली आणि १९५२ साली, बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. १९९० साली जळगावास विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्यास बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थी जी पदवी घेतात तिच्यावर एका निरक्षर स्त्रीचे नाव असते. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. केवळ अभिमानासाठी नव्हे, तर पदवीधराला ती एक प्रश्न विचारीत राहते म्हणून.

स्वयंसेवेचे सर्वांत मोठे दृश्य अर्थातच फैजपूरचे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रसभेचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी यांनी ते अंगावर घेतले. साने गुरुजी गावोगाव हिंडले. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच वस्तूंनी ते नगर सजविले. नगर चार दिवसांत उठले, म्हणून त्याविषयी येथे अधिक बोलत नाही. मात्र याच १९३६ साली मुंबईस टाटांच्या विश्वस्त निधीतून समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. आज तिला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतात. एकीकडे शेतकरी चर खणून आणि मांडव घालून जे करीत होते, ते दुसरीकडे वर्गात शिकविण्याचा आरंभ झाला. या दोन प्रवाहांची भेट अजून म्हणावी तशी झालेली नाही.

येथे कामगाराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि तो टाळून दानाचा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९३८ साली साने गुरुजींनी अमळनेराहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढले आणि शेतकऱ्यांची व गिरणी कामगारांची गाऱ्हाणी त्यातून मांडली. ज्या गावात गिरणीच्या नफ्यावर वेदान्ताचे संशोधन चालले होते, त्याच गावात हे चालले होते. महात्माजींची विश्वस्तवृत्तीची कल्पना दोन्ही पक्ष आपापल्या परीने सांगत. मालक म्हणे, मी विश्वस्त आहे, म्हणून दान करतो. कामगार म्हणे, विश्वस्त असाल तर आधी मजुरी वाढवा. २०१३ च्या कायद्याने या वादाचा निकाल मोठ्या चातुर्याने टाळला आहे. केवळ आपल्याच नोकरांच्या हितासाठी केलेला खर्च या २ टक्क्यांत धरता येत नाही. नियम म्हणून ते ठीकच. नाही तर कोणीही पगारवाढ दानात दाखविली असती. पण त्यामुळे जबाबदारी ही कारखान्याच्या फाटकाबाहेर सुरू होते, असा समज दृढ होतो, आणि या विषयाचे पुष्कळ प्रबंध फाटकाबाहेरच फिरत राहतात.

अमळनेरच्या कथेला दुसरा अध्याय आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी तेथे वनस्पती तूप करणारी एक कंपनी नोंदली गेली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. संस्थापक महंमद हाशम प्रेमजी. ते १९६६ मध्ये वारले तेव्हा त्यांचे एकवीस वर्षांचे पुत्र अझीम अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून परत आले. तीच कंपनी पुढे विप्रो झाली. तिच्या भांडवलातील सुमारे ६७ टक्क्यांचे उत्पन्न २०१९ पर्यंत प्रेमजींनी लोककार्यासाठी तोडून दिले. त्यांच्या प्रतिष्ठानाने शिक्षणाचे आणि शिक्षणविषयक संशोधनाचे विद्यापीठ काढले ते २०१० मध्ये, बंगळूरास. शेंगदाण्याच्या तेलाच्या वासात जन्मलेल्या कंपनीचे विद्यापीठ अमळनेरपासून इतके दूर उभे राहावे, याचा विषाद काहींना वाटतो. तो मला पटत नाही. भांडवल मोठे झाले की गाव सोडते, हा त्याचा धर्म आहे. जळगावचे भवरलाल जैन यांनी मात्र आपली कमाई गावातच गुंतविली, आणि २०१२ मध्ये जैन टेकडीवर गांधीविषयक संशोधनाचे व संग्रहाचे केंद्र लोकांसाठी खुले झाले.

गिरण्यांचे काय झाले? जळगावच्या गिरणीच्या जागी आज व्यापारी संकुल आहे. अमळनेरचे त्रैमासिक साठच्या दशकात थांबले, आणि १९७३ पासून नाव थोडे बदलून पुणे विद्यापीठातून निघू लागले. गिरणी होती तोवर मंदिराची भरभराट. गिरणीचे दिवस फिरले, मंदिराचेही फिरले. धुळ्याच्या मंडळास गिरणीचा आधार असा नव्हताच, म्हणून ते गिरणीबरोबर खचले नाही. पण त्याची चणचण पहिल्या दिवसापासूनची. दानावर उभी राहिलेली संस्था एकदा पडते. श्रमावर उभी राहिलेली रोज थोडी थोडी झिजते. संशोधकास या दोहोंचीही चिकित्सा करावी लागेल.

परदेशात अशी चिकित्सा करणाऱ्यांत लंडनचे रिचर्ड टिटमस अग्रगण्य. त्यांनी १९७० साली रक्तदानावर ग्रंथ लिहिला. इंग्लंडमध्ये रक्त फुकट दिले जाते, अमेरिकेत पुष्कळसे विकत घेतले जाई. फुकट दिलेले रक्त अधिक निर्दोष असते आणि वायाही कमी जाते, असे त्यांनी आकडे मांडून दाखविले. या टिटमसांना विद्यापीठाची पदवी नव्हती. विम्याच्या कचेरीत कारकुनी करीत त्यांनी अभ्यास केला आणि १९५० साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक झाले. धुळ्याच्या माणसास हे चरित्र परके वाटू नये.

आपल्या विद्यापीठातील एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने हा विषय आयुष्याचा म्हणून घेतला, तर त्याने मुंबई-बंगळूरच्या कंपन्यांचे छापील अहवाल चाळण्यापूर्वी अमळनेर, धुळे आणि जळगाव येथील संस्थांची जुनी इतिवृत्ते, वर्गणीच्या याद्या आणि नकलांच्या वह्या मागून पाहाव्यात. ज्या घरी कोणी आजोबा वाचनालयात, मंडळात किंवा फैजपूरच्या मांडवात राबले असतील, त्या घरी जाऊन त्यांची पत्रे आणि आठवणी उतरून घ्याव्यात. श्रोत्यांपैकी काहींच्या माळ्यावरही असा एखादा ट्रंक असेल. जुन्या दप्तरांत शिरावयाचे तर पहिली अडचण मोडी लिपीची येईल. काही महिने रोज तासभर बसले तर ती वाचता येऊ लागते. घोटीव अक्षर आधी घ्यावे, आणि घाईत लिहिलेल्या खाजगी पत्रांकडे नंतर वळावे.